बावीस जणांची सहल आणि आयोजनाचे शुल्क

आमच्या जुन्या मित्रमंडळाच्या पहिल्या दोन सहली मी आखल्या होत्या. तिसऱ्या सहलीच्या वेळी हे काम आम्ही प्रथमच शुल्क देऊन एका व्यावसायिक आयोजिकेकडे सोपवले. त्या शुल्कावरून मंडळात बराच वाद झाला. शुल्काला सर्वांत जास्त विरोध माझाच होता, म्हणून त्यानंतरच्या दहा महिन्यांचा अनुभव सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

आधीच्या सहलींविषयी थोडे सांगायला हवे. पहिल्या वेळी आम्ही चौदा जण होतो. तारखा जुळवणे, तिकिटे काढणे, खोल्या ठरवणे आणि सर्वांकडून पैसे गोळा करणे ही सगळी कामे मी आनंदाने अंगावर घेतली, कारण नकाशे उघडून बसणे आणि मार्ग जुळवणे मला मनापासून आवडते. मुक्कामांचा ॲडव्हान्स मी माझ्या खिशातून भरला आणि निघण्याच्या तीन आठवडे आधी एका जोडप्याने येणे रद्द केले. रद्द करण्याचा खर्च त्यांच्याकडे मागणे मला जमले नाही, तो इतरांवर वाटणे मला योग्य वाटले नाही आणि अखेर तो मीच सोसला. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या जोडप्याला पुढे ही गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळली, आपल्याला न सांगता आपला भार कोणी उचलावा याचे त्यांना वाईट वाटले आणि आमच्यात जो अवघडलेपणा आला तो सरायला दोन वर्षे लागली. दुसऱ्या सहलीत पैशांची घडी मी नीट बसवली, मात्र एका दिवसाचा बसप्रवास पहाटे सहा ते रात्री दहा असा आखला. संध्याकाळनंतर चालक दमला आहे हे सर्वांना दिसत होते. शेवटचे दोन तास बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही, आणि त्या शांततेची जबाबदारी माझी आहे हे मला प्रत्येक वळणावर जाणवत होते.

तिसऱ्या सहलीची यादी सुरुवातीला सव्वीस जणांची झाली. आठ दिवस, परदेशातला प्रवास, चार मुक्काम आणि वये नऊपासून बहात्तरपर्यंत. एका मैत्रिणीने सुचवले की या वेळी आयोजनासाठी कोणाची तरी नेमणूक करावी. आयोजिकेने सांगितलेले शुल्क एकूण खर्चाच्या साधारण अकरा टक्के होते. माझे म्हणणे असे होते की तिकिटे आणि खोल्या हल्ली प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर मिळतात, मग मध्यस्थाला पैसे का द्यायचे? मैत्रिणीने मला एवढेच विचारले की मागच्या सहलीत मी स्वतः काय पाहिले. मुक्कामाच्या गावी पोहोचल्यावर इतर सगळे हातपाय धुऊन फिरायला निघत आणि मी काउंटरपाशी उभी राहून पारपत्रे गोळा करत असे, ते मला आठवले. मी विरोध मागे घेतला, पण आयोजिकेशी होणाऱ्या पहिल्या बैठकीत सगळे प्रश्न मी विचारीन, अशी अट घातली.

त्या बैठकीत मला पहिला धक्का विमानाच्या तिकिटांवरून बसला. सर्वसाधारणपणे एका ऑनलाइन आरक्षणात नऊच प्रवाशांची नावे बसतात आणि दहा किंवा त्याहून अधिक लोक असतील तर विमान कंपन्यांच्या गट-आरक्षण विभागाकडे जावे लागते, एवढे मला ऐकून माहीत होते. त्यामागचे गणित मात्र मी कधी समजून घेतले नव्हते. विमानातल्या जागा वेगवेगळ्या भाड्यांच्या गटांत विभागलेल्या असतात. सर्वांत स्वस्त गटात चारच जागा उरल्या असतील आणि आपण एकदम नऊ जागा शोधल्या, तर बहुतेक वेळा नऊच्या नऊ जागांना वरच्या गटाचे भाडे दाखवले जाते. म्हणजे माणसे जास्त म्हणून सवलत मिळण्याऐवजी दर चढतो. गट-आरक्षणाचे भाडेसुद्धा नेहमी स्वस्तच असते असे नाही, हे आयोजिकेने स्पष्टपणे सांगितले. त्याचा खरा उपयोग असा की थोडी रक्कम भरून जागा धरून ठेवता येतात, नावे नंतर देता येतात आणि करारातल्या तारखेपर्यंत काही जागा दंडाशिवाय परत करता येतात. सव्वीस जणांपैकी कोण शेवटपर्यंत टिकेल हे कोणालाच ठाऊक नसते, तेव्हा ही सोय भाड्यातल्या फरकापेक्षा मोलाची ठरते. हॉटेलांचेही तसेच. गटासाठी राखून ठेवलेल्या खोल्यांना एक मुदत असते. त्या मुदतीपर्यंत कोण कोणासोबत राहणार याची यादी दिली नाही, तर उरलेल्या खोल्या हॉटेल परत विक्रीला काढते. आधीच्या दोन्ही सहलींत मी या मुदतींबद्दल कोणाला विचारलेही नव्हते आणि तरी सगळे पार पडले, याचे आता मला आश्चर्य वाटते.

दुसरा प्रश्न मी त्यांच्या कमाईचा विचारला. आमच्याकडून शुल्क घेऊन शिवाय हॉटेलांकडून आणि बसवाल्यांकडून दलाली घेणार का? त्यांनी कुठलीही टाळाटाळ न करता सांगितले की दोन मुक्कामांवर त्यांना दलाली मिळते, ती त्या हिशेबात दाखवतील आणि आमच्या शुल्कातून वजा करतील. हे करारात लिहून घेतले. आयोजक दलालीवर जगत असेल तर त्याची शिफारस आपल्या सोयीची की त्याच्या सोयीची, हे ओळखायला मार्ग राहत नाही, म्हणून हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा असे माझे ठाम मत झाले आहे.

तिसरा प्रश्न आमचा पैसा कुठे राहणार हा होता. या बाबतीत मी थोडी भित्री आहे आणि त्याला कारण आहे. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी प्रवास आखण्याच्या आधुनिक व्यवसायाची सुरुवात सांगताना साधारणपणे थॉमस कुक यांचे नाव घेतले जाते. त्यांनी ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसांना खास आगगाडीने माणशी एका शिलिंगात नेले होते. त्यांच्याच नावाची ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी कोसळली, तेव्हा तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश ग्राहक परदेशात होते आणि त्यांना परत आणण्यासाठी सरकारी यंत्रणेला खास विमाने पाठवावी लागली. पावणेदोनशे वर्षांच्या नावाचे असे होऊ शकते, तर एका व्यक्तीच्या छोट्या व्यवसायात आपला पैसा सुरक्षित आहे असे कशाच्या आधारावर मानायचे? आयोजिकेने यावर जी व्यवस्था केली ती मला पटली. विमानाची आणि मुक्कामांची रक्कम आम्ही थेट त्या त्या कंपनीला भरली आणि पावत्या आमच्या नावे आल्या. त्यांच्याकडे फक्त शुल्काचा पहिला हप्ता आणि अडीअडचणीसाठी एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांची राखीव रक्कम राहिली. युरोपीय संघात एकत्रित सहल विकणाऱ्याने दिवाळखोरीपासून ग्राहकाला संरक्षण दिलेच पाहिजे, असा २०१५ चा निर्देश आहे आणि तो १ जुलै २०१८ पासून लागू आहे. असे कायदेशीर छत्र नसेल तिथे प्रवाशाने हे छत्र करारातून स्वतः उभे करावे लागते.

इथपर्यंत जे मिळाले ते ज्ञान होते, आणि पुरेसा वेळ दिला असता तर कदाचित मीही ते मिळवले असते. पुढच्या महिन्यात जे झाले ते माझ्याकडून कधीच झाले नसते.

आयोजिकेने सव्वीस जणांपैकी प्रत्येक प्रौढ व्यक्तीशी स्वतंत्रपणे, फोनवर, साधारण वीस मिनिटे बोलून घेतले. किती चालता येते, औषधे कोणती, झोप कशी, कोणासोबत खोली नको, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या सहलीवर जास्तीत जास्त किती खर्च करायची तयारी आहे, असे ते प्रश्न होते. उत्तरे त्यांनी स्वतःकडेच ठेवली. आम्हाला फक्त बदललेला आराखडा मिळाला. त्यात मुक्काम एका पायरीने साधे झाले होते, डोंगरावरच्या किल्ल्याच्या दिवशी खालच्या गावात थांबण्याचा पर्याय आला होता आणि तिसऱ्या मुक्कामावर दोन रात्रींच्या ऐवजी तीन रात्री झाल्या होत्या. आमच्या आपसातल्या चर्चेत याच्या अगदी उलट सूर होता. सगळे जण चांगल्या हॉटेलांच्या बाजूने बोलत होते आणि जास्तीत जास्त ठिकाणे पाहण्याचा आग्रह धरत होते.

यातले कारण मला सहलीच्या पाचव्या दिवशी कळले, तेही एका मैत्रिणीने आपणहून सांगितले म्हणून. त्या वर्षी तिच्या घरी पैशांची ओढाताण होती. मंडळात आकडा ठरत असताना तिने मान डोलावली होती आणि मनात न येण्याचे ठरवले होते. निमित्त म्हणून ती गुडघेदुखी पुढे करणार होती. आयोजिकेने विचारल्यावर तिने खरा आकडा सांगितला, कारण ती बाई आमच्यापैकी कोणी नव्हती. आम्ही तीस वर्षांच्या मैत्रिणी. एकमेकींच्या घरातली आजारपणे आणि भांडणे आम्हाला ठाऊक आहेत आणि तरीही ही एक गोष्ट तिला मला सांगता आली नव्हती. मी आयोजन केले असते तर तिची निमित्ते मी खरी मानली असती आणि आम्ही तिच्याशिवाय गेलो असतो. ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. अकरा टक्क्यांबद्दल मी जे जे बोलले होते, ते सगळे मला त्या वेळी आठवत होते.

आता या सहलीत येणे रद्द करणाऱ्या एका कुटुंबाविषयी. निघण्याच्या पाच आठवडे आधी चार जणांच्या एका कुटुंबाला घरगुती कारणाने माघार घ्यावी लागली. जागा दंडाशिवाय परत करण्याची तारीख उलटून गेली होती. करारात कोणत्या तारखेनंतर किती टक्के रक्कम परत मिळणार नाही याचा तक्ता होता आणि त्यावर प्रत्येक कुटुंबाने सुरुवातीलाच सही केली होती. आयोजिकेने त्यांना एक पत्र पाठवले. त्यात काळजीचे दोन शब्द होते, तक्त्यातला आकडा होता आणि त्यांच्या प्रवास विम्यातून किती रक्कम मिळू शकेल व त्यासाठी कोणती कागदपत्रे लागतील, हेही होते. विमा सर्वांनी तिकिटाच्या वेळीच काढावा, असा आग्रह त्यांनी का धरला होता, ते मला तेव्हा समजले. निघण्याच्या आठवड्यात काढलेल्या विम्याचा रद्द होण्याच्या जोखमीसाठी फारसा उपयोग नसतो. आमच्यापैकी कोणालाही त्या कुटुंबाशी पैशांबद्दल एक शब्द बोलावा लागला नाही. मी त्यांना फोन केला तो फक्त घरच्या आजारपणाची चौकशी करायला.

प्रवासात मोठी अडचण पहिल्याच दिवशी आली. पहिले विमान साडेतीन तास उशिरा सुटले आणि पुढचे चुकले. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असल्यामुळे आम्हाला पुढे पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची होती. वेगवेगळी तिकिटे घेऊन थोडी बचत करता आली असती आणि मी आधी तेच सुचवले होते. मात्र पुढच्या विमानात आम्हा बावीस जणांसाठी जागा नव्हती. बारा जण त्या संध्याकाळी आणि दहा जण दुसऱ्या दिवशी सकाळी, अशी विभागणी करावी लागली. काउंटरपुढच्या गर्दीत आमच्यासारख्या गटाला कोण आधी जाणार हे ठरवायला तासभर लागला असता आणि तेवढ्यात त्या बारा जागाही गेल्या असत्या. आयोजिकेने पिशवीतून एक कागद काढला. गट फुटण्याची वेळ आली तर कोण कोणासोबत जाईल, याची यादी त्यांनी निघण्याआधीच केली होती. नियमित औषधे असणारे आणि लहान मुलांचे आईवडील पहिल्या तुकडीत, दुसऱ्या तुकडीत परदेशप्रवासाची सवय असलेली निदान दोन माणसे आणि कोणतेही कुटुंब विभागलेले नाही, अशी तिची मांडणी होती. त्यांनी नावे वाचली आणि सगळे आपापल्या रांगेत गेले. मी दुसऱ्या तुकडीत होते. आयोजिकाही आमच्यासोबत मागे राहिल्या आणि पहिल्या तुकडीला घ्यायला कोण येईल, हे त्यांनी विमानतळावरूनच फोनवर ठरवले.

बसचा प्रश्न त्याहून नाजूक होता. ठरलेली बस पहिल्या तुकडीला मध्यरात्री मुक्कामी सोडू शकली असती, पण मग तोच चालक दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला घ्यायला येऊ शकला नसता. व्यावसायिक चालकांच्या कामाच्या वेळेला अनेक देशांत कायद्याने मर्यादा असते. युरोपीय संघाच्या नियमात दिवसाला नऊ तास, आणि आठवड्यातून दोनदाच दहा तास, एवढे वाहन चालवता येते. साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये साधारणपणे सलग अकरा तासांची सुट्टी बंधनकारक असते. इतर ठिकाणी आकडे वेगळे असतील, पण थकलेल्या माणसाच्या हाती बावीस जीव देऊ नयेत ही गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. आयोजिकेने राखीव रकमेतून सकाळसाठी दुसरी छोटी गाडी ठरवली आणि मुख्य चालकाला दुपारपर्यंत झोपू दिले. माझ्या दुसऱ्या सहलीतले ते शेवटचे दोन तास मला त्या सकाळी गाडीत बसल्यावर पुन्हा आठवले आणि खिडकीबाहेरचा चालता प्रदेश मी निवांतपणे पाहत राहिले.

सगळेच उत्तम झाले असे नाही. सहाव्या दिवसाचा वाटाड्या माहितीचा पक्का होता, पण त्याला लहान मुलांशी बोलता येत नव्हते आणि दोन तासांत मुले कंटाळून गेली. चौथ्या दिवशी तीन ठिकाणे कोंबली होती, त्यातले एक वगळायला हवे होते. हे आयोजिकेने त्याच संध्याकाळी मान्य केले आणि पुढच्या दिवसाचा कार्यक्रम हलका केला. मोठा गट उतरायला, स्वच्छतागृहात जाऊन यायला आणि परत बसायला किमान अर्धा तास घेतो. आराखड्यात त्यांनी प्रत्येक थांब्याला तेवढा वेळ धरला होता, तरीही तो दिवस धावपळीचा झाला. शिवाय मी काही तरी गमावले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मार्ग जुळवण्याचा, निघण्याआधी महिनाभर त्या प्रदेशात मनाने फिरून येण्याचा आनंद या वेळी मला मिळाला नाही. हे मी आयोजिकेला सुरुवातीलाच बोलून दाखवले होते, तेव्हा त्यांनी दोन दुपारी पूर्ण मोकळ्या ठेवून त्या आखण्याचे काम माझ्याकडे दिले. त्यातल्या एका दुपारी आम्ही सात जणी नदीकाठाने नुसत्या चालत राहिलो. दुसरीच्या वेळी पाऊस आला.

शुल्काचा हिशेब मी परतल्यावर पुन्हा करून पाहिला. विमानाच्या भाड्यात आम्ही फारसे वाचवले नाही. मुक्कामांच्या दरात थोडी बचत झाली आणि दोन ठिकाणची दलाली आमच्या शुल्कातून वजा झाली, पण या सगळ्याची बेरीज शुल्काच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही. बचत होते म्हणून आयोजक नेमावा, असे कोणी सांगितले तर ते आमच्या अनुभवाला धरून नाही. दोन-तीन कुटुंबे असतील, सगळे एकाच वयाचे आणि एकाच ऐपतीचे असतील, एकाच गावी राहायचे असेल, तर मी आजही सगळे स्वतः करीन. पण माणसे पंधराच्या पुढे गेली की एकमेकांना न दुखावता नाही म्हणण्याचे काम फार वाढते आणि ते काम मित्राने करायचे नसते, असे मला वाटते. बावीस माणसांत दोघादोघांच्या दोनशे एकतीस जोड्या होतात. त्यातली प्रत्येक जोडी सांभाळत ज्याने आयोजन करायचे, तो स्वतः कोणाच्याच शेजारी बसू शकत नाही.

परतल्यानंतर तेराव्या दिवशी प्रत्येक कुटुंबाला एक पानाचा हिशेब आणि राखीव रकमेतली शिल्लक मिळाली. जास्तीच्या गाडीची पावती सोबत जोडलेली होती. माघार घेतलेल्या कुटुंबाला विम्याची बरीचशी रक्कम मिळाली, हे त्यांनी स्वतःच फोन करून कळवले. पुढच्या सहलीच्या तारखा अजून ठरायच्या आहेत, पण त्या कुटुंबाने आपली चार नावे आताच यादीत घालायला सांगितली आहेत. माझ्या त्या मैत्रिणीने या वेळी खर्चाचा आकडा मलाच सांगितला, आयोजिकेला सांगण्याच्या आधी.